वाघाचा पूर्वज कोण, आणि वाघाच्या उपजाती नेमक्या किती?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सातवीच्या वर्गासाठी वाघाच्या शास्त्रीय वर्गीकरणाचा तक्ता करायचा आहे. एका पुस्तकात वाघाच्या नऊ उपजाती दिल्या आहेत, दुसऱ्यात सहा आणि तिसऱ्या ठिकाणी फक्त दोन. त्यात मुलं विचारतात, ‘मांजर वाघाची मावशी म्हणजे वाघ मांजरापासून झाला का?’ एकाचं म्हणणं, लांब सुळ्यांचा ‘सेबर-टूथ टायगर’ हाच वाघाचा पणजोबा. तक्त्यावर काय लिहू?

बाई, तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत आणि दोन्हींच्या उत्तरांची खात्री सारखी नाही. वाघ सजीवांच्या कोणत्या घराण्यातला, त्याचे जवळचे नातेवाईक कोण, हे आज पक्कं ठाऊक आहे. ही घराणी कधी वेगळी झाली याचे आकडे थोडे मागेपुढे सरकतात. आणि वाघांच्या आत उपजाती किती, यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. पुस्तकं एकमेकांशी भांडताना दिसतात ती या शेवटच्या पायरीवर. वरच्या पायऱ्यांवर त्यांचं फारसं दुमत नसतं.

मी वन्यप्राण्यांच्या डीएनएवर काम करतो. जंगलात सापडलेली विष्ठा, केस, जप्त झालेल्या कातडीचे तुकडे, नखं असे नमुने आमच्याकडे येतात आणि ‘हे कोणाचं?’ याचं उत्तर द्यायचं असतं. म्हणून वर्गीकरण हा माझ्यासाठी पाठांतराचा विषय राहिलेला नाही. एखादा नमुना वाघाचा की बिबट्याचा हे सांगताना मी या दोघांच्या वंशांमध्ये पडलेल्या फरकांवर विसंबून असतो. तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे ‘हे सगळे एका पूर्वजाची लेकरं’ असा दावा असतो. मुलांना एवढं कळलं तर तक्त्यातली नावं त्यांच्या आपोआप लक्षात राहतील.

आधी सरळ भाग. सृष्टी प्राणी, संघ समपृष्ठरज्जू, उपसंघ पृष्ठवंशीय, वर्ग सस्तन, गण मांसाहारी म्हणजे कार्निव्होरा, कुल मार्जार म्हणजे फेलिडी, उपकुल पँथेरिनी, प्रजाती पँथेरा, जाती पँथेरा टायग्रिस. इतकं तुम्ही निर्धास्त लिहा.

यातल्या ‘मांसाहारी’ या गणापाशी वर्गात थोडा वेळ थांबा, कारण तिथे मुलांचा हमखास गोंधळ होतो. हा गण आहारावरून ठरत नाही. बांबू खाणारा पांडा याच गणात आहे, आणि किडे खाणारी पाल अर्थातच नाही. या गणाच्या फार पूर्वी, साडेचार-पाच कोटी वर्षांपूर्वी, दोन शाखा झाल्या. एकीवर कुत्रा, लांडगा, कोल्हा, अस्वल, पाणमांजर. दुसरीवर मांजरं, मुंगूस, उदमांजर आणि तरस. ताडोब्याच्या आसपासच्या मुलांना हे सगळे प्राणी ऐकून किंवा पाहून माहीत असतात. तरस कुत्र्यासारखं दिसतं, पण नात्याने ते वाघाच्या बाजूचं आहे. रानकुत्रा आणि वाघ एकाच जंगलात चितळाच्या मागे असतात, तरी त्यांच्या वंशाची ताटातूट केव्हाच झालेली आहे. नुसत्या दिसण्यावर जाऊन नातं ठरवू नये, हे शिकवायला तरसासारखं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

नावाचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. कार्ल लिनियसने 1758 मध्ये वाघाला ‘फेलिस टायग्रिस’ म्हटलं. त्याच्या यादीत सिंह, बिबट्या, जग्वार, लिंक्स आणि घरातली मांजर हे सगळे ‘फेलिस’च होते. ‘पँथेरा’ हे नाव लोरेन्झ ओकेनने 1816 मध्ये दिलं, पण वाघ त्यात रीतसर गेला 1929 मध्ये. रेजिनाल्ड पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्या वर्षी वाघांवर एक लांबलचक लेख लिहिला आणि तो छापला गेला आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये. आज जगभर वापरलं जाणारं ‘पँथेरा टायग्रिस’ हे नाव या मुंबईच्या नियतकालिकातून रूढ झालं, हे महाराष्ट्रातल्या मुलांना आवर्जून सांगा.

मोठी मांजरं वेगळी काढावीत असं पोकॉकला वाटलं ते हाडांवरून. जिभेच्या मुळाशी हायॉइड नावाचं लहानशा हाडांचं जाळं असतं. घरातल्या मांजरात ते पूर्ण हाडाचं असतं. वाघ-सिंहांत त्याचा एक दुवा लवचीक अस्थिबंधाचा राहतो, हे रिचर्ड ओवेनने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. त्यावरून ‘दुवा लवचीक म्हणून डरकाळी’ असा सोपा नियम बरीच वर्षं शिकवला गेला. पण हिमबिबट्याचा दुवाही लवचीक आहे आणि तो डरकाळी फोडत नाही. डरकाळीत खरा वाटा स्वरपट्ट्यांच्या जाड, लवचीक गादीचा आहे, हे पुढे कळलं. गंमत अशी की कारण चुकीचं निघालं तरी पोकॉकने केलेला गट बरोबर निघाला, कारण त्याने कवट्यांचाही बारकाईने अभ्यास केला होता आणि नंतर डीएनएनेही तेच सांगितलं.

आता मावशीचा प्रश्न. वाघ मांजरापासून झाला नाही. आज जिवंत असलेला कोणताही प्राणी आज जिवंत असलेल्या दुसऱ्या प्राण्याचा पूर्वज नसतो, हे मुलांना आधी सांगा. मांजर आणि वाघ ही दूरची भावंडं आहेत. दोघांचा एक समान पूर्वज होता आणि तो ना आजची मांजर होता, ना आजचा वाघ. आजच्या मार्जार कुलाच्या डीएनएचा मोठा तुलनात्मक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की मोठ्या मांजरांची शाखा सगळ्यांत आधी, सुमारे 1 कोटी 8 लाख वर्षांपूर्वी बाजूला झाली. पुढे एकेक करत बाकीच्या शाखा फुटल्या, आणि ज्या ‘फेलिस’ प्रजातीत आपली मनीमाऊ आणि शेताच्या बांधावर दिसणारं रानमांजर येतं, तिच्यातल्या जाती जेमतेम 34 लाख वर्षांपूर्वीपासून वेगळ्या होऊ लागल्या. घरातली मांजर माणसाळली ती तर साधारण 10 हजार वर्षांपूर्वी, पश्चिम आशियातल्या तेव्हाच्या रानमांजरांपासून. म्हणजे वयाचा हिशेब केला तर मनीमाऊचं घराणं वाघाच्या घराण्यापेक्षा धाकटं आहे.

एवढा काळ लोटूनही दोघांत साम्य किती उरलं आहे, हेही सांगावंसं वाटतं. दोघांच्या पेशीत 38 गुणसूत्रं असतात. वाघाच्या जनुकसंचाचं, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएचं, वाचन 2013 मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा मांजराशी त्याचं साम्य सुमारे 95.6 टक्के भरलं. एक कोटी वर्षांत मार्जार कुलाचा मूळ आराखडा फारसा बदललेला नाही. बदलले ते मुख्यतः आकार, रंग-ठिपके-पट्टे आणि शिकारीचा अधिवास. म्हणूनच या कुलात नुसत्या दिसण्यावरून नाती लावणं कठीण जातं. कातडी काढली की वाघ आणि सिंह ओळखायला जाणकारालाही कवटी उलटसुलट करून बघावी लागते. मी विद्यार्थ्यांना दोन खुणा दाखवतो. वाघाच्या कवटीत नाकाची हाडं वरच्या जबड्याच्या हाडाच्या टोकापेक्षा मागे कपाळाकडे पोचतात. सिंहात जबड्याचं हाड त्यांच्या बरोबरीने किंवा त्याहून मागे जातं. दुसरी खूण खालच्या जबड्याची. टेबलावर ठेवला की वाघाचा बहुधा स्थिर बसतो, सिंहाचा खालून गोलसर असल्यामुळे पुढेमागे डुलतो.

लांब सुळेवाल्यांचं सांगायचं तर त्या मुलाला नाराज न करता सांगा की स्मायलोडॉन, म्हणजेच तो ‘सेबर-टूथ टायगर’, वाघाचा पणजोबा नव्हता. तो मार्जार कुलातलाच, पण मॅकायरोडोंटिनी या वेगळ्या उपकुलातला. जुन्या हाडांतून मिळालेल्या डीएनएवरून हे उपकुल आजच्या सगळ्या मांजरांपासून सुमारे 2 कोटी वर्षांपूर्वी दूर झालं असं दिसतं. म्हणजे वाघ हा स्मायलोडॉनपेक्षा तुमच्या वर्गाबाहेर फिरणाऱ्या मांजराला जास्त जवळचा. शिवाय स्मायलोडॉन अमेरिका खंडांत राहिला आणि तिथेच सुमारे 10 हजार वर्षांपूर्वी संपला. भारतात लांब सुळ्यांची मांजरं नव्हती असं मात्र नाही. शिवालिकच्या टेकड्यांत मेगँटेरिऑनचे जीवाश्म सापडले आहेत. पण तेही त्याच वेगळ्या उपकुलातले. त्यांचे वंशज उरले नाहीत.

मग वाघाचा पूर्वज म्हणून तक्त्यावर कोणाचं नाव लिहायचं? मी म्हणेन, एकाही प्राण्याचं नाव पूर्वज म्हणून लिहू नका. फ्रान्समध्ये सापडलेला अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीचा प्रोएल्युरस, त्यानंतरचा स्यूडेल्युरस, ही नावं मार्जार कुलाच्या सुरुवातीला दिली जातात. हे प्राणी पूर्वजांच्या जवळपासचे होते एवढं नक्की. पण मातीत सापडलेलं एखादं हाड खुद्द पूर्वजाचं की पूर्वजाच्या भाऊबंदाचं, हे हाडावरून सिद्ध होत नाही. त्यामुळे आम्ही ‘याच्यापासून हा झाला’ असं न म्हणता ‘या दोघांचं मूळ एक’ असं म्हणतो. तक्त्यावर या जीवाश्मांची नावं फांदीच्या बाजूला लिहावीत, फांदीच्या आत नाही.

वाघाच्या स्वतःच्या शाखेवरचे जीवाश्म कमी आहेत, आणि त्याला साधं कारण आहे. दमट जंगलांच्या आम्ल मातीत हाडं टिकत नाहीत, आणि वाघाच्या पूर्वजांपैकी बरेच बहुधा अशाच प्रदेशांत वावरले. जे मिळाले त्यांत दोन महत्त्वाचे. चीनच्या गान्सू प्रांतात लोंगदान इथे एक जवळजवळ पूर्ण कवटी मिळाली. 2011 मध्ये तिला पँथेरा झ्डान्स्की हे नाव दिलं गेलं. वय 22 ते 25 लाख वर्षांच्या दरम्यान. आकाराने ती आजच्या वाघापेक्षा लहान, पण ठेवण स्पष्ट वाघाची. काही जण तिला वाघाचीच जुनी अवस्था मानतात, काही जण बहीण जाती. दुसरा जीवाश्म तिबेटच्या झांदा खोऱ्यातला पँथेरा ब्लायथी, 41 ते 59 लाख वर्षांमधला. शोधणाऱ्यांनी तो हिमबिबट्याच्या जवळचा ठरवला. वंशवृक्षातल्या त्याच्या या जागेबद्दल वाद आहे, पण पँथेरा गटातला इतका जुना अवशेष आशियाच्या उंच भागात मिळाल्यामुळे मोठ्या मांजरांचा उगम आशियात झाला या मताला जोर आला. त्यानंतर जावा बेटावर त्रिनिल इथले सुमारे 12 लाख वर्षांपूर्वीचे वाघाचे अवशेष येतात. इतक्या आधी वाघ दक्षिणेकडे बेटांपर्यंत पोचला होता.

आता जिवंत नातेवाईक. पँथेरिनी उपकुलात सात जाती आहेत. क्लाउडेड लेपर्डच्या, म्हणजे अंगावर ढगांसारखे मोठे डाग असणाऱ्या मांजराच्या, दोन; त्या आधी वेगळ्या झाल्या. उरलेल्या पाच पँथेरा: वाघ, सिंह, बिबट्या, जग्वार आणि हिमबिबट्या. सिंह, बिबट्या आणि जग्वार एका बाजूला एकत्र येतात. वाघाचा सगळ्यांत जवळचा नातेवाईक हिमबिबट्या. हे बहुतेकांना खरं वाटत नाही, कारण वाघ-सिंहाची जोडी आपल्या मनात पक्की बसलेली असते आणि हिमबिबट्याला कित्येक वर्षं ‘अन्शिया’ या वेगळ्या प्रजातीत ठेवलं होतं. वाघ आणि हिमबिबट्या यांची वाटणी सुमारे 30 लाख वर्षांपूर्वी, थोडी मागे किंवा पुढे, झाली असावी.

इथे विद्यार्थी मला विचारतात, ‘दोघंही ओळखीच्या जनावराला भेटल्यावर नाकातून फुरफुर आवाज काढतात, हा नात्याचा पुरावा का?’ नाही. तो आवाज क्लाउडेड लेपर्डही काढतो. म्हणजे तो या सगळ्यांच्या जुन्या पूर्वजाकडून आला असणार, आणि सिंह आणि बिबट्या यांच्यात तो नंतर हरवला असणार. दोघांत एखादी गोष्ट सारखी आहे एवढ्याने जवळचं नातं ठरत नाही. ती गोष्ट फक्त त्या दोघांच्या पूर्वजात नव्याने आलेली असली पाहिजे. वर्गीकरणातला माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा विचार हाच, आणि सातवीच्या मुलांना तो नीट कळतो. पाठीचा कणा वाघालाही आहे आणि बेडकालाही, त्यावरून वाघ सिंहापेक्षा बेडकाला जवळचा ठरत नाही, असं म्हटलं की पुरे.

डीएनए पाहिला की वाद मिटतो, असंही समजू नका. कुठला डीएनए पाहता यावर उत्तर अवलंबून असतं. मायटोकाँड्रियाचा, म्हणजे तंतुकणिकेचा डीएनए फक्त आईकडून येतो. आपल्याकडे हेळवी लोक घराण्याची वंशावळ चोपड्यात ठेवतात. ती बापाकडून मुलाकडे जाते आणि सुनांच्या माहेराचा तिच्यातून थांग लागत नाही. मायटोकाँड्रिया म्हणजे तसंच एक चोपडं, फक्त आईच्या बाजूचं. ते एकट्याने वाचलं तर हिमबिबट्या सिंहाच्या जवळ जाऊन बसतो. पण केंद्रकातला सगळा जनुकसंच वाचला की तो वाघाशेजारी येतो. याचं पटणारं स्पष्टीकरण असं की फार पूर्वी, या जाती पुरत्या वेगळ्या झालेल्या नसताना, सिंहाच्या पूर्वजांकडची एखादी मादी हिमबिबट्याच्या पूर्वजांत मिसळली आणि तिची मायटोकाँड्रिया त्या वंशात पसरली. 2016 च्या एका अभ्यासाने मोठ्या मांजरांत असे जुने संकर झाल्याच्या खुणा दाखवल्या. रोजच्या कामात मी मायटोकाँड्रियाचा लहान तुकडाच वापरतो, कारण विष्ठेतून आणि जुन्या कातडीतून तोच तग धरून मिळतो. ‘वाघ की बिबट्या’ सांगायला तो पुरेसा आहे. ‘कोण कोणाच्या किती जवळ’ हे सांगायला तो एकटा पुरत नाही.

संकराचा विषय निघाला की ‘लायगर’चा प्रश्न येतोच: सिंह नर आणि वाघीण यांना पिल्लं होतात, मग दोघं एकच जात का नाहीत? ही पिल्लं पिंजऱ्यात माणसाने घडवून आणलेली असतात, आणि त्यांतले नर वांझ असतात, माद्यांना कधी कधी पिल्लं होतात. दोन वंश बरेच दूर गेले पण पूर्ण तुटले नाहीत, याची ती खूण आहे. जाती वेगळ्याच.

आता नऊ, सहा आणि दोन. इथे मला सविस्तर बोलायचं आहे, कारण तुमचा खरा पेच इथे आहे.

नऊ हा आकडा असा जमला. लिनियसला मिळालेल्या माहितीच्या आधारे मूळ उपजात ठरली, आणि तिचं ठिकाण बंगाल असं 1911 मध्ये निश्चित केलं गेलं; म्हणून ताडोब्याचा वाघसुद्धा पुस्तकात ‘बंगाल टायगर’ असतो. मग कॅस्पियन समुद्राकडचा वाघ 1815 मध्ये, सायबेरियाकडचा अमूर वाघ आणि जावाचा वाघ 1844 मध्ये, दक्षिण चीनचा 1905 मध्ये, बालीचा 1912 मध्ये, सुमात्राचा पोकॉकच्या हातून 1929 मध्ये, आणि जिम कॉर्बेटच्या नावाने इंडोचायनाचा 1968 मध्ये, अशी नावं पडत गेली. तोपर्यंत आठ झाले. 2004 मध्ये डीएनएच्या आधारे मलाय द्वीपकल्पातला वाघ वेगळा काढला गेला आणि नऊ झाले. यातले कॅस्पियन, जावा आणि बाली हे तिन्ही आज नामशेष आहेत; म्हणून ज्या पुस्तकात सहा आहेत त्यात फक्त जिवंत उपजाती मोजल्या आहेत. त्या सहांतलाही दक्षिण चीनचा वाघ आता केवळ बंदिवासात उरला आहे. सहा आणि नऊ यांत भांडण नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

दोनवाल्यांचं म्हणणं निराळं आहे. जुन्या उपजाती मूठभर कातड्या आणि कवट्यांवरून, आकार, रंग आणि पट्टे पाहून ठरवल्या होत्या. आता वाघाचा आकार उत्तरेकडे जाता जाता वाढतो. थंड प्रदेशातली जनावरं मोठी असणं हे अनेक सस्तन प्राण्यांत दिसतं. रंग आणि पट्ट्यांची दाटीही हळूहळू बदलत जाते. मधल्या प्रदेशातले वाघ मधल्या ठेवणीचे. अशा सलग बदलात रेघ कुठे मारायची? सुंदरबनचे वाघ मध्य भारतातल्या वाघांपेक्षा कितीतरी हलके असतात, तरी दोघं एकाच उपजातीत आहेत. 2015 मध्ये कवट्या, पट्टे, अधिवास आणि मायटोकाँड्रियाचा डीएनए यांची एकत्र तपासणी झाली, तेव्हा गटांच्या सीमा एकमेकांवर चढलेल्या दिसल्या. स्पष्ट फरक दिसला तो मुख्य भूमीवरचे वाघ आणि सुंदा बेटांवरचे वाघ यांच्यात. त्यावरून आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतल्या मार्जारतज्ज्ञांच्या गटाने 2017 मध्ये दोनच उपजाती मांडल्या: पँथेरा टायग्रिस टायग्रिस मुख्य भूमीसाठी, आणि पँथेरा टायग्रिस सोंडाइका सुमात्रा, जावा आणि बालीसाठी.

लगेच पुढच्या वर्षी, 2018 मध्ये, 32 वाघांच्या संपूर्ण जनुकसंचांवरचा अभ्यास आला. त्यात सहाही जिवंत गट एकमेकांपासून स्वच्छ वेगळे निघाले आणि त्यांच्यात फार काळ फारशी देवाणघेवाण झालेली नाही असं दिसलं. त्याच अभ्यासाने सांगितलं की आजच्या सगळ्या वाघांचा समान पूर्वज फक्त 1 लाख 10 हजार वर्षांपूर्वीचा. विचार करा, वाघाची शाखा तीसेक लाख वर्षांची, आणि आज जिवंत असलेले सगळे वाघ लाखभर वर्षांपूर्वीच्या एका छोट्या समूहाची प्रजा. मधल्या काळात वाघांची संख्या एकदा फार घटली असणार. जावाच्या त्या 12 लाख वर्षांपूर्वीच्या वाघांचा वंश आजच्या वाघांत थेट आला असेल असं धरता येत नाही, ते यामुळेच.

मग खरं काय? माझं मत विचाराल तर सहा गट वेगळे आहेत हा जनुकसंचाचा पुरावा भक्कम आहे. पण ‘उपजात’ म्हणायला किती वेगळेपण पुरे, हे निसर्ग सांगत नाही. ते आपण ठरवतो. कवटीत आणि कातडीत फरक दिसलाच पाहिजे असं मानणारा दोनवर थांबेल. वंश वेगळा वाढला एवढं पुरे मानणारा सहा म्हणेल. दोघांसमोरची वस्तुस्थिती एकच आहे.

मी स्वतः नमुन्यावर अहवाल देतो तेव्हा काय लिहितो, तेही सांगतो. नखाचा तुकडा असेल, कमावलेली कातडी असेल, तर जात लिहितो: पँथेरा टायग्रिस. उपजात किंवा ‘अमुक जंगलातला’ असं लिहायला चांगल्या स्थितीतला पुरेसा डीएनए हवा, आणि तुलनेसाठी त्या त्या प्रदेशातल्या वाघांची पुरेशी माहिती हवी. नमुना चांगला असेल तर भारताच्या आतले प्रदेशही ओळखता येतात, कारण एकाच उपजातीत मोडणारे भारतीय वाघही आतून एकसारखे नाहीत. भारतीय वाघांत एकूण जनुकीय विविधता जगातल्या इतर गटांपेक्षा जास्त आहे, पण रणथंभोरसारख्या एकट्या पडलेल्या ठिकाणी सगोत्र संकराचं प्रमाण वाढलेलं दिसतं. ताडोबा, पेंच, मेळघाट यांना जोडणारी जंगलं तुटू नयेत असं आम्ही पुनःपुन्हा म्हणतो ते याच कारणाने.

आकड्याच्या या वादाने प्रत्यक्षात काय फरक पडतो, तेही मुलांना सांगा. कॅस्पियन वाघ नामशेष झाला. 2009 मध्ये संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांचा डीएनए तपासला, तेव्हा मायटोकाँड्रियाच्या वाचलेल्या भागात त्याच्यात आणि अमूर वाघात एका अक्षराचा फरक निघाला. म्हणजे दोन नावांचे हे वाघ मुळात एकाच पसरलेल्या समूहाची दोन टोकं. या आधारावर कझाकस्तानने बाल्काश सरोवराजवळच्या इले-बाल्काश अभयारण्यात वाघ परत आणण्याचं काम हाती घेतलं आणि 2024 मध्ये नेदरलँड्समधून एक जोडी तिथे नेली. नऊ उपजातींची यादी अक्षरशः पाळली असती तर ‘तो वाघ संपला, आता दुसरा आणता येणार नाही’ असंच म्हणावं लागलं असतं. याच्या उलट, दोनच उपजाती मानून कोणताही मुख्य भूमीवरचा वाघ कुठेही सोडला, तर सुमारे लाखभर वर्षांत एकेका प्रदेशाशी जुळलेले गट एकमेकांत मिसळून जातील. म्हणून मला तरी एका आकड्याला चिकटून राहणं पटत नाही.

तर तक्ता असा करा. सृष्टीपासून जातीपर्यंतचा भाग पक्क्या शाईत. त्याच्या बाजूला पँथेरिनीची फांदी काढा: आधी क्लाउडेड लेपर्ड वेगळा होतो, मग एकीकडे सिंह-बिबट्या-जग्वार, दुसरीकडे वाघ आणि हिमबिबट्या. वर्षांचे आकडे ‘सुमारे’ लावूनच लिहा, कारण ते जीवाश्मांच्या वयावर बेतलेले असतात आणि नवं हाड सापडलं की सरकतात. स्मायलोडॉनची फांदी खूप खालून फोडा आणि मध्येच संपवा. खाली वाघाच्या चौकटीत सहा जिवंत आणि तीन नामशेष गटांची नावं लिहा, आणि त्यांच्याभोवती दोन मोठे कंस काढा, एक मुख्य भूमीचा, एक सुंदा बेटांचा. त्या दोन कंसांना 2017 हे वर्ष द्या, नऊ नावांपुढे ती ती वर्षं द्या. एकाच तक्त्यावर तिन्ही पुस्तकं बसतील, आणि आकडे का वेगळे आले हेही दिसेल.

पांढऱ्या वाघाबद्दल मुलं विचारतीलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो: त्याला या तक्त्यावर वेगळी जागा नाही. तो बंगाल वाघच, एसएलसी45ए2 या एका जनुकातल्या बदलामुळे फिकट झालेला. प्राणिसंग्रहालयांतल्या पांढऱ्या वाघांचा वंश बव्हंशी 1951 मध्ये रेवा इथे पकडलेल्या मोहन नावाच्या नराकडे जातो. ओडिशात सिमिलीपालमध्ये दिसणारे काळपट, रुंद पट्ट्यांचे वाघही वेगळी उपजात नाहीत. तिथे टॅकपेप नावाच्या जनुकातला बदल छोट्या, एकट्या पडलेल्या समूहात पसरला आहे. या दोन्ही नोंदी चौकटीत बंगाल वाघाच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिल्या की पुरे.